तिसरा ठिपका

११ जानेवारी

ताई,

आधी वर 'तीर्थरूप' असं लिहिलं होतं, मग खोडलं. ते वाचून तू पत्र तिथेच भावोजींच्या हातात कोंबलं असतंस. फोन तू माझा अडवून ठेवलास. आईकरवी निरोप पाठवावा तर ती त्यात स्वतःची भर घालते आणि मी न बोललेली वाक्यं तुझ्यापर्यंत पोचतात. म्हणून शेवटी कागद. अक्षर पूर्वीसारखंच आहे, कोंबडीचे पाय. तक्रार करू नकोस, तूच गिरवून घेतलं होतंस.

घरी सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्या तोंडापेक्षा कमीच. खिडकीशी खुर्ची ओढून बसते आणि समोरच्या इमारतीत कोण आलं, कोण गेलं यावर पाळत ठेवते. परवा मला म्हणाली, "तुझं यंत्र रात्रभर जागतं आणि तू इकडे घोरत पडतोस. मग पगार कुणाला मिळतो?" म्हटलं, मला. तर म्हणे, "मग बरं आहे, चालू दे."

आमच्या कामाची टिंगल करायला तुला पहिल्यापासून आवडतं, तर घे, आणखी थोडा माल पुरवतो. दुर्बीण तिकडे डोंगरावर आणि मी इकडे खाली गावात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, जिची खिडकी उघडत नाही. घुमट आपला आपण उघडतो, हवा जोखतो, ढग दिसले की मिटून घेतो. कोणता तारा आधी आणि कोणता नंतर हेही यंत्रच ठरवतं. आम्ही त्याला यंत्रोबा म्हणतो. हवा थरथरते म्हणून ताराही थरथरतो, बादलीच्या तळाशी पडलेलं नाणं पाणी हललं की हलतं तसा. यंत्रोबा वर लेझरचा किरण सोडून ती थरथर मोजतो आणि एक छोटासा आरसा क्षणाक्षणाला असा वाकवतो, की ती पुसली जावी. मग एकटा वाटणारा तारा खरंच एकटा आहे, की त्याच्या कुशीत दुसरा लपलाय, ते दिसतं. एक झाला की पुढचा. माणसं एका ताऱ्यावर वाद घालत बसतील तेवढ्यात हा रांगच्या रांग उरकतो. सकाळी मी चहाचा कप घेऊन बसतो आणि रात्रीचा माल चाळतो.

तू म्हणाली होतीस, "आम्ही ग्रह शोधायचे आणि तू त्यांच्यात खोट काढायची. जमलेलं लग्न मोडणारा माणूस आहेस तू." तुझ्या हाताखालचं काम सोडून मी इथे रुजू झालो त्या दिवशी म्हणालीस, आणि त्यानंतर काही म्हणालीच नाहीस. मला शाळेच्या दारापर्यंत ओढत नेणारी, रात्री गच्चीवर उभं करून तारे ओळखायला लावणारी तू. मी तुझ्याच टेबलाशेजारी बसून म्हातारा होणार असं तू धरून चालली होतीस. मला दुसरं टेबल हवं होतं, एवढंच होतं ते. आजही मला त्यात काही गैर वाटत नाही. आणि हे काम वाईटही नाही गं. ग्रह आडवा आला म्हणून ताऱ्याचा उजेड जरासा मंदावतो असं तुम्ही म्हणता. पण तो उजेड एकाऐवजी दोघांचा असेल तर सगळी मापं चुकतात, आणि कधीकधी तर ग्रहच नसतो, मागे लपलेले दोन तारे एकमेकांना झाकत असतात. ते आधी कळलेलं बरं, की भर सभेत?

आता मुद्द्यावर येतो. भावोजी आईला सांगत होते की पिटुकल्यावरचा तुझा लेख तयार आहे, आणि मार्चच्या सभेपर्यंत न थांबता तू तो याच महिन्यात जाहीर करणार आहेस. पृथ्वीएवढा ग्रह, इतकी वर्षं तू त्याच्यामागे होतीस, उतावीळ होणं साहजिक आहे. पण लेख म्हणजे काही दूध नव्हे नासायला. सभेपर्यंत थांबलीस तर काय बिघडेल? सहज विचारतोय. माझा त्याच्याशी काही संबंध नाही.

खोकला गेला का तुझा?

तुझा
चोंबडा
(हे नाव तूच ठेवलंस, म्हणून वापरतो.)


३० जानेवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "सहज विचारणारा माणूस इतक्या वर्षांनी पानंच्या पानं लिहीत नाही. काय असेल ते सरळ सांग, नाहीतर गप्प बस." वर नाव नाही, खाली सही नाही. आईने ते कार्ड मागून-पुढून बघितलं आणि म्हणाली, "अक्षर मात्र सुंदर आहे हो तिचं." मला इतका आनंद झाला की दुपारच्या चहात साखर घालायची विसरलो आणि कप संपेपर्यंत ते कळलंही नाही.

पण सरळ सांगता येत नाही, तिथेच घोडं अडलंय. आणि गप्पही बसवत नाही. तेव्हा जेवढं सांगता येतं तेवढं सांगतो, बाकीचं तू ओळख. तू ओळखतेसच.

आमच्याकडे ताऱ्यांना नावं नसतात, नुसते क्रमांक. कोणता तारा कुणी शोधलाय, कुणाचा जीव कशात अडकलाय, ते तपासणाऱ्याला कळू नये म्हणून मुद्दाम तशी व्यवस्था आहे. महिन्याच्या सुरुवातीला एका सकाळी मी रात्रीची चित्रं चाळत होतो. एक चित्र जरा निरखून पाहिलं, कपाळाला आठी पडली, शेरा लिहायला घेतला आणि मग वरचा क्रमांक वाचला. तो क्रमांक तू माझ्यापुढे इतक्या वेळा घोकला आहेस की झोपेतून उठवलं तरी मी तो म्हणून दाखवीन. पिटुकल्याचा तारा, तुझा.

कप तसाच ठेवून मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो. मोठ्या बाई म्हणजे आमच्या इथल्या प्रमुख. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज कधी चढत नाही, म्हणून जास्तच भीती वाटते.

म्हटलं, "बाई, हा तारा माझ्या घरचा आहे."

त्यांनी वर पाहिलं. "घरचा म्हणजे?"

"बहिणीचा."

"मग हात काढ त्यातून. आत्ताच्या आत्ता. शेरा मी लिहीन."

"तिला सांगू का?"

"काय सांगणार? तपासलेल्या ताऱ्यांची यादी मार्चमध्ये निघेल, सगळ्यांना एकाच वेळी मिळेल. भाऊ आहे म्हणून एकीला आधी, आणि ज्यांना भाऊ नाही त्यांनी काय करायचं?"

बरोबरच होतं त्यांचं. मी बाहेर आलो आणि पहिलं पत्र तुला लिहिलं, ज्यात मी काहीच सांगितलं नाही असं मला वाटत होतं. तू एका ओळीत पकडलंस.

परवा पुन्हा त्यांच्याकडे गेलो. या वेळी त्यांनीच विचारलं, "तुझ्या बहिणीने स्वतःहून चित्रं का नाही मागवली? मागता येतात की. ज्याचा तारा त्याने मागितला तर आम्ही सगळी चित्रं देतो, जुळवलेलंही आणि सुटी सुटीही. नियमातच आहे. पण कुणी मागतच नाही, सगळे यादीची वाट बघत बसतात."

ताई, तू माग. मोठ्या बाईंच्या नावाने दोन ओळी लिही, माझं नावही काढू नकोस. मला माहीत आहे, मी जिथे काम करतो त्या दारात तुला काही मागायचं नाही. नाकावर माशी बसू द्यायची नाही तुला. पण भावोजींनी आईला आणखीही एक गोष्ट सांगितली आहे, आणि आईच्या पोटात काही राहत नाही हे तू जाणतेसच. तुमच्या विभागप्रमुखांनी स्पष्ट सांगितलंय म्हणे, की पिटुकला टिकला तर तुझी शोधमोहीम पुढे चालू, नाही टिकला तर बंद. तुझी खोली दुसऱ्याला, आणि तू पूर्णवेळ पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायचं. शिकवतेस तू छानच, माझ्यावर प्रयोग झालेलाच आहे. पण तू आकाश सोडून बसली आहेस हे चित्र मला बघवणार नाही.

म्हणून म्हणतो, जाहीर करू नकोस, आधी माग. यातलं काहीही मी तुला सांगितलेलं नाही.

तुझा
काहीही न सांगणारा भाऊ


१७ फेब्रुवारी

ताई,

तू मागितलीस. मोठ्या बाईंनी तुझा अर्ज माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "चित्रं गेली. आता तिच्याशी बोलायला हरकत नाही, तिला जे दिसतंय तेच तूही बोलणार." मी मान डोलावली आणि खोलीत येऊन दार लावून घेतलं. गेले सहा आठवडे जीव टांगणीला लागला होता माझा. आता मोकळेपणी लिहितो, आणि नेमकं आताच लिहावंसं वाटत नाही.

त्या सकाळी मी काय पाहिलं ते सांगतो. मधोमध तुझा तारा, ठसठशीत. त्याच्या एका बाजूला एक फिकट ठिपका, अगदी बिलगून. आणि दुसऱ्या बाजूला आणखी एक, तसाच. तीन. तू जो एकटा तारा धरून सगळं गणित मांडलंस, तिथे तिघं आहेत. तू आता तेच चित्र पडद्यावर घेऊन बसली असशील.

पुढचं मी तुला समजावून सांगायला नको. मधल्या मोठ्या ताऱ्याचा उजेड मंदावतो असं तुला वाटलं, पण त्या दोन फिकट्यांपैकी एखाद्याच्याच मागे काहीतरी लपाछपी चालू असेल, आणि तिघांचा उजेड एकत्र आल्यामुळे ती ग्रहासारखी दिसत असेल. नाही असं सिद्ध करणं फार अवघड. यादीत शेरा पडेल, "तिहेरी, भरवशाचा नाही." मग कुठलीही मोठी दुर्बीण त्याच्यासाठी आपली एक रात्रही देणार नाही.

मला फार वाईट वाटलं गं. तू मला लग्न मोडणारा म्हणालीस तेव्हा मी हसून सोडून दिलं होतं. त्या सकाळी मात्र खरोखर तसंच वाटलं, आणि तेही घरच्याच मांडवात.

भावोजींचा काल आईला फोन आला होता. म्हणाले, जाहीर करायचं तू लांबणीवर टाकलंस, पण जेवायलाही धड बाहेर येत नाहीस. जुळवून काढलेलं चित्र बाजूला ठेवून सुटी चित्रं एकेक करून बघत बसली आहेस. "हजारो आहेत हो ती," म्हणाले, "आणि ही एकापुढे एक थांबून थांबून बघते. मला काही सांगत नाही. तुम्ही तरी सांगा तिला." आई मला म्हणाली, "सांग तिला." मी म्हटलं, माझं ती ऐकेल असं का वाटतं तुला? तर म्हणाली, "तुझं नाही ऐकणार. पण तू सांगितलंस हे तर तिला कळेल."

तर सांगतो. ती सुटी चित्रं बघायची नसतातच मुळी. एकेकटं घेतलं तर त्यात काही धड दिसत नाही. आरसा हवेची थरथर पुसतो, पण अख्खं चित्र इकडेतिकडे डुलतं ते लेझरला कळत नाही. म्हणून कॅमेरा भराभर चित्रं काढतो, आणि मग माझा प्रोग्रॅम प्रत्येक चित्रातला सगळ्यात तेजस्वी ठिपका हेरून ती सगळी एकावर एक अशी सरकवतो, की ते ठिपके बरोबर एकमेकांवर बसावेत. मग जे उरतं ते स्पष्ट असतं. तो प्रोग्रॅम मी स्वतः लिहिलाय आणि शेकडो ताऱ्यांवर घासून बघितलाय. त्यात चूक सापडेल या आशेने डोळे फोडून घेऊ नकोस. तसं असतं तर मलाच सगळ्यांत आधी हवं होतं.

एक तारा गेला म्हणजे तू गेली नाहीस. तुझ्या प्रमुखांना हे कुणीतरी सांगायला हवं. मी लिहू का त्यांना? बरं, नाही लिहीत. डोळे वटारू नकोस.

जेव गं वेळेवर.

तुझा भाऊ


४ मार्च

ताई! ताई! ताई!

आधी मला ओरडून घेऊ दे.

आज सकाळी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. त्यांच्या समोर तुझं पत्र होतं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि वाचायला सुरुवात केली, त्यांच्या त्या न चढणाऱ्या आवाजात. "आपण पाठवलेली सर्व सुटी चित्रं मी पाहिली. ती अस्पष्ट आहेत, पण आंधळी नाहीत. त्यातल्या एकाही चित्रात मला तीन तारे सापडले नाहीत. दोनच आहेत, आणि दोघेही जवळजवळ सारख्याच तेजाचे. कधी डावीकडचा थोडा उजळ, कधी उजवीकडचा. तिसरा आपण कुठून आणलात ते कृपया कळवावं."

तिसरा आपण कुठून आणलात! पुढचं वाक्य त्यांनी वाचायच्या आतच मला कळलं होतं.

प्रोग्रॅम सगळ्यात तेजस्वी ठिपका हेरतो. तारा एकटा असेल, किंवा जोडीदार फिका असेल, तर काही घोटाळा नाही. पण दोघं जुळ्यासारखी असली तर? हवा कधी एकाला उजळ करणार, कधी दुसऱ्याला. मग माझा शहाणा प्रोग्रॅम काही चित्रं डावीकडच्यावर बसवतो आणि काही उजवीकडच्यावर. डावा मध्यावर आला की उजवा त्याच्या उजवीकडे दिसणार. उजवा मध्यावर आला की डावा त्याच्या डावीकडे. सगळी एकावर एक रचली की मधोमध एक ठसठशीत आणि दोन बाजूंना दोन फिकट. दोघांचे तिघे झाले! बरोब्बर समोरासमोर, बरोब्बर सारख्याच अंतरावर. इतकी सरळ ओळ आकाशात सहसा कुणी आखून ठेवत नाही, हे तरी मला खटकायला हवं होतं. पण रोज सकाळी जुळवलेलंच चित्र बघायची सवय, सुटी चित्रं उघडून बघतोय कोण!

बाई म्हणाल्या, "हा प्रोग्रॅम कुणाचा?"

"माझा."

"आणि ही बाई तुझी बहीण."

"हो."

त्यांनी पत्राची घडी घातली. "तरीच. परक्या माणसाने तुझ्या प्रोग्रॅमवर इतका संशय घेतला नसता." आणि ताई, त्या हसल्या. आमच्या इथे ही बातमी तुझ्या पत्रापेक्षा मोठी ठरली.

मग दिवसभर मी जुन्या यादीत जे जे तिहेरी म्हणून नोंदवले होते ते सगळे उपसले. आणखी काही तसेच निघाले. कुणाकुणाच्या ताऱ्यांवर मी उगाच तिसरा ठिपका चिकटवून ठेवला होता. यादी लांबणीवर पडली, दुरुस्तीचं निवेदन मला लिहायचंय, आणि प्रोग्रॅमला आता शिकवायचंय की एकदा एकाचा हात धरला की शेवटपर्यंत त्याचाच धरायचा. काम खूप आहे आणि मला लाज वाटायला हवी. वाटतेही आहे. पण तू मला पकडलंस याचा आनंद त्याहून इतका मोठा आहे की लाजेला पुढे यायला जागाच मिळत नाही.

आता दुसरी बाजू. तीही सांगतो, नाहीतर पुन्हा म्हणशील लपवतो. तिसरा नसला तरी दुसरा आहेच, आणि अगदी पहिल्यासारखाच आहे. म्हणजे तू जो उजेड एकाचा समजून मोजलास तो दोघांचा होता. ग्रहाने खरं तर तुला वाटला त्याच्या दुप्पट उजेड अडवला. तेव्हा पिटुकला काही पिटुकला राहिला नाही. पृथ्वीएवढा नव्हे, पृथ्वीच्या जवळजवळ दीडपट भरतोय. तुझ्या लेखातलं पहिलं वाक्य गेलं. पण पत्राच्या शेवटी तू जे गणित मांडलंयस ते मी ताडून पाहिलं आणि मोठ्या बाईंनीही पाहिलं. दोन्ही तारे सारखेच असल्यामुळे तो याच्याभोवती फिरत असो की त्याच्याभोवती, दोन्हीकडून उत्तर एकच येतं. ग्रहच आहे. फिकट, अनोळखी तिसरा असता तर हे म्हणता आलं नसतं. शेरा बदलला. "जुळे तारे. ग्रह मानायला हरकत नाही." बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिला, मला त्या ताऱ्याला अजून हात लावू देत नाहीत.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तिचं खरं ठरलं?"

"निम्मं. एकटा तारा नव्हता, पण ग्रह आहे."

"आणि तुझं?"

"माझंही निम्मं. दुसरा तारा होता, तिसरा नव्हता."

"मग आता भांडायला उरलं काय तुमच्यात?" असं म्हणून तिने खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवली.

याचं उत्तर तुला देता येत असेल तर कळव.

तुझा
तीनपर्यंत मोजता न येणारा भाऊ


२१ मार्च

ताई,

काल तुझी सभा आम्ही इथून पडद्यावर पाहिली. आई आणि मी. मी तिला आधीच बजावलं होतं की मधे बोलायचं नाही, तर ती पहिल्याच मिनिटाला म्हणाली, "केवढी बारीक झालीय." खरंच झाली आहेस.

तू दोन्ही चित्रं दाखवलीस, आधी माझं तीन ठिपक्यांचं आणि मग तुझं दोघांचं. मला वाटलं आता माझी वरात निघणार. मी खुर्चीत इतका खाली घसरलो की आई म्हणाली, "सरळ बस, ते तुला बघत नाहीयेत." पण तू म्हणालीस, "आकाशाचा पसारा मोठा आहे, यंत्राने हे काम केलं नाही तर ते कधीच होणार नाही. मात्र यंत्राने जुळवून दिलेलं कधीतरी उसवूनही बघावं." आणि पुढे गेलीस. तेवढंच. ना टोमणा, ना चिमटा. तू इतकी चांगली वागू शकतेस हे मला माहीत नव्हतं.

तुझे प्रमुख पहिल्या रांगेत होते ना, तो उंच माणूस? तुझं झाल्यावर त्यांनी उठून सांगितलं की मोहीम चालू राहील, आणि मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागणाऱ्या अर्जावर ते सही करतील. आईला त्यातलं अवाक्षर कळलं नसावं, पण तू टेबलाची कड घट्ट धरलीस ते तिला दिसलं, आणि तिने माझा दंड तसाच धरला. वळ आहे अजून. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, आणि या वेळी हवेला दोष देता येणार नाही.

मग तो मागच्या रांगेतला प्रश्न आला. पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते, चिकाटीचे दिसत होते. त्यांनी विचारलं, "पण बाई, हा ग्रह नक्की कुठल्या ताऱ्याचा? या की त्या?"

तू म्हणालीस, "माहीत नाही."

"कळेल का?"

"कळेल. दोघांचा उजेड वेगवेगळा करून, एकेकावर पाळत ठेवून बघायला लागेल. एक-दोन वर्षं जातील."

"मोठं काम आहे. कोण करणार हे?"

तू हातातला कागद उलटा केलास, सुलटा केलास. आणि म्हणालीस, "मी करणार. आणि माझा भाऊ. त्याला अजून सांगितलेलं नाही."

सगळी सभा हसली. आई हसली नाही. तिने माझ्याकडे मान वळवून विचारलं, "तुला सांगितलं नाही तिने?"

म्हटलं, "आत्ताच सांगितलं की."

आज मोठ्या बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, वर्षातले काही महिने तुझ्याकडे येऊन काम करायला त्यांची हरकत नाही, फक्त तो तारा तपासायला पुन्हा कधीही माझ्याकडे येणार नाही. मी म्हटलं, चालेल. खरं तर ते वाक्य मी त्यांचं बोलणं संपायच्या आधीच म्हटलं होतं.

सोमवारी निघतो. आईही येते म्हणतेय, तिची पिशवी माझ्या आधी भरून झाली.

तुझा भाऊ